सहलीचा चिवडा

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की हिवरमाळमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. पडलेला उमेदवार महिनाभर कोणाच्या रामरामाला उत्तर देत नाही, आणि निवडून आलेले सदस्य गावातून नाहीसे होतात. परक्या माणसाला वाटावं, काही घातपात झाला. तसलं काही नसतं, सदस्य सहलीला गेलेले असतात.

सरपंच आता थेट लोकांतून निवडतात, पण उपसरपंच निवडायचा तो सदस्यांनी. निकाल आणि ही दुसरी निवडणूक यांच्यामध्ये जे काही दिवस मोकळे सुटतात, ते फार नाजूक. तेवढ्यात कोण कोणाला फितेल सांगता येत नाही. म्हणून ज्याला उपसरपंच व्हायचंय तो आपल्या बाजूचे सदस्य गाडीत घालतो आणि लांब कुठंतरी नेऊन ठेवतो. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा होतात. खाणंपिणं, फिरणं, देवदर्शन, सगळं आयतं. मतदानाच्या सकाळी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभी राहते, आणि आतून उन्हानं काळवंडलेले, डोक्याला नव्या टोप्या घातलेले लोकप्रतिनिधी उतरतात. हिवरमाळनं जे काही जग पाहिलं आहे, त्यातलं निम्मं लोकशाहीच्या कृपेनं पाहिलं आहे.

कल्याणनं हा प्रकार एकदा रॉटरडॅमला ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर सांगितला होता. तो तिथल्या बंदरात क्रेनचा इंजिनिअर, हॉलंडात राहून वीसेक वर्षं झालेली. टेबलावरच्या मंडळींना वाटलं, हा थट्टा करतोय. एकीनं विचारलं की लोक चिडत नाहीत का यावर? कल्याण म्हणाला, चिडतात ना, ज्यांना नेत नाहीत ते चिडतात. मग त्यानंच उलट टोला दिला की तुमच्याकडे निवडणुकीनंतर सरकार बसायला महिनेच्या महिने जातात, तेवढ्या वेळात आमच्या सदस्यांचं भारतभ्रमण पुरं होऊन वर घरी पाहुणचार झाला असता. सगळे हसले. हसण्यात एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली पहिली सहल अशीच होती.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता. वडील अप्पाराव सदस्य म्हणून निवडून आले होते आणि सरपंच कोणी व्हायचं यावरून गाव उभं फाटलं होतं, कारण तेव्हा सरपंचही सदस्यच निवडायचे. त्या काळी गोवाबिवा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. थोरला भाऊ रामकिसन याचं नुकतंच लग्न झालेलं, सून उषा घनसावंगीकडची. अप्पारावांनी डोकं चालवलं. नवी सून माहेरी निघाली असं गावभर सांगितलं, एक जीप ठरवली, पुढं सुनेला आणि तिच्या धाकट्या दिराला बसवलं, आणि मागं ताडपत्रीआड सदस्य कोंबले. सुनेच्या वडलांची शेतवस्ती गोदावरीच्या काठाला होती, चहूबाजूंनी ऊस. त्या उसाच्या आडोशाला हिवरमाळचं बहुमत आठवडाभर दडून राहिलं.

कल्याणला तो आठवडा अजून तोंडपाठ होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, त्यावर तिळाची चटणी आणि गूळ. भाजलेल्या तुरीच्या शेंगा. नदीची ओली रेती, तिच्यात पाय खुपसला की खालून गार पाणी यायचं. गावात ज्यांना पाहून पोरं भिंतीला चिकटायची ती मोठी माणसं तिथं बनियनवर पत्ते कुटत बसायची आणि एकमेकांना चिमटे काढायची. आणि अप्पाराव, ज्यांच्या समोर घरात कोणी मोठ्यानं खोकायचं नाही, ते गोदावरीत उताणे पडून पोहायचे आणि पाठीवर पोराला घेऊन खदाखदा हसायचे. बाप असा हसतो हे कल्याणला त्या आठवड्यात कळलं. पुढं बाप कधी तसा हसला नाही.

त्यानंतर कल्याण पुष्कळ हिंडला. त्याची बायको अर्पिता वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्या आखते. ग्रीस झालं, पोर्तुगाल झालं, आल्प्समधल्या एका लाकडी घरात बर्फ पाहत बसून झालं. लेक चिन्मयी प्रत्येक ठिकाणी बापाला विचारायची, आवडलं का? तो हो म्हणायचा. पण मनातल्या मनात प्रत्येक जागा तो घनसावंगीच्या त्या उसाशी ताडून पाहायचा आणि प्रत्येक जागा कुठं ना कुठं कमी पडायची. हॉलंडमधली माणसं सुटीला घरापासून दूर पळतात. कल्याणला सुटीत एकच पळवाट माहीत होती, ती हिवरमाळची.

यंदा तो हिवाळ्यात एकटाच आला. जालन्याला उतरला, एमआयडीसीवरून जाताना ज्या मिलमध्ये त्यानं पहिली नोकरी केली होती तिची चिमणी ओळखून काढली, भोकरदनला चहा घेतला, आणि धावड्याच्या पुढच्या फाट्यावर उतरून घरी पोचला. बेत साधा होता. कुठं जायचं नाही. वैनींच्या ओट्यावर सकाळचं ऊन खात बसायचं, म्हशीकडं बघायचं, चहा मागायचा, आणि जुन्या गोष्टी काढायच्या. रामकिसन जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. उषाबाईंची लेक मीना जालन्याला नांदत होती. घरात उषाबाई एकट्या, आणि कल्याणला या जगात आपलं लहानपण ज्याला ठाऊक आहे असं माणूस तेवढं एकच उरलं होतं.

त्याची आई त्याच्या आठवणीतही नव्हती. सोळा वर्षांच्या वैनींनीच त्याला वाढवलं. पण पहिल्या दिवसापासून त्या त्याला मानानंच हाक मारायच्या. आठ वर्षांच्या पोराचं नाक पुसतानाही 'भाऊजी, इकडं या' म्हणायच्या. अजूनही तेच चालू होतं.

यंदा घरात एक नवल झालं होतं. उषाबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या, तेही कोणत्याच पॅनलकडून नाही. कपबशी चिन्ह घेऊन अपक्ष. गावानं आधी चेष्टा केली, मग मतं दिली. आणि निकाल असा लागला की एका बाजूला राधेश्यामचे सदस्य, दुसऱ्या बाजूला भारतचे, दोघांचं बळ सारखं, आणि मधोमध उषाबाई. राधेश्याम कापसाचा व्यापारी, बोलायला गोड. भारतचं स्टँडवर कृषी केंद्र, बोलायला कमी पण डोक्यानं तिखट. दोघांनाही उपसरपंच व्हायचं होतं. ज्या म्हातारीला काल कोणी सतरंजीवर बसा म्हटलं नव्हतं तिच्या ओट्यावर दोघं आळीपाळीनं येऊन बसायला लागले. गाडी तयार आहे काकू, म्हणायचे. उषाबाई दोघांनाही एकच उत्तर द्यायच्या. बघू.

कल्याणला हे बघवेना. त्याचा राजकारणावर जो काही राग होता तो परदेशात राहून चांगला मुरला होता. वैनींना या वयात गाडीत घालून कुठं कुठं फिरवणार, फोन काढून घेणार, आणि मतासाठी गोड बोलणार, याची त्याला चीड आली. शिवाय खरं सांगायचं तर त्यात त्याचा स्वतःचाही मतलब होता. वैनी गेल्या असत्या तर त्याची सगळी सुटी रिकाम्या घराच्या ओट्यावर गेली असती. तो आला होता त्यांच्यासाठी, आणि मतदान होतं त्याच्या विमानानंतर.

मग त्यानं तेच केलं जे परदेशातून आलेला प्रत्येक शहाणा माणूस करतो. गाव सुधारायला घेतलं. दोन्ही पक्षांना मारुतीच्या पारावर बोलावलं. पाहुण्याचा मान म्हणून दोघंही आले. कल्याणनं सकाळी सुरुवात केली ती दुपारचं जेवण तिथंच झालं. एकीचं महत्त्व, गावाची अब्रू, हॉलंडात लोक कसे तडजोड करतात, सगळं सांगून झालं. शेवटी तोडगा निघाला तो मात्र अस्सल आपल्याकडचा. अडीच वर्षं एकानं, अडीच वर्षं दुसऱ्यानं. आधी कोण, याची चिठ्ठी टाकली. राधेश्यामचं नाव निघालं. निवड बिनविरोध ठरली, सहली रद्द झाल्या, पेढे वाटले गेले. लोक कल्याणला म्हणाले, भाऊ, तुम्ही इथंच राहायला पाहिजे होतं. त्याला ते खरंच वाटलं.

त्यानं अर्पिताला फोन लावून पराक्रम सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, वहिनींना विचारलं होतं का? तो म्हणाला, त्यांना काय विचारायचं, त्यांची तर सुटका केली. अर्पिता यावर काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिचं गप्प बसणं त्यानं जरा मोजायला हवं होतं, पण त्या दिवशी तो फार खुशीत होता.

संध्याकाळी त्यानं वैनींच्या हातावर पेढा ठेवला आणि बातमी सांगितली. त्यांनी पेढा देवापुढं नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, बरं झालं. मग म्हशीला पेंड भिजवायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा आला तो चिवडा आणि शंकरपाळ्यांसकट. पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाणे खरपूस, सुकं खोबरं, कढीपत्ता अगदी कुरकुरीत. कल्याणनं एक ताटली संपवली, दुसरी मागून घेतली. ती निम्मी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे काही सणासुदीचे दिवस नाहीत. त्यानं विचारलं, वैनी, हा चिवडा कोणत्या निमित्तानं?

"सहलीसाठी केल्ता," उषाबाई म्हणाल्या. "आता तुम्हीच खा. मऊ पडायच्या आत संपवायला पाह्यजे."

तो हसला. मग हसायचा थांबला, कारण दारातून त्याला आतली खोली दिसत होती. भिंतीशी तेलाचा मोठा डबा होता, तोंडोतोंड चिवड्यानं भरलेला. शेजारी एक नवी कोरी एअरबॅग. बॅगेवर फॉल लावून इस्त्री केलेली साडी, आणि पट्ट्याच्या सँडली. उषाबाईंनी जन्मात पट्ट्याची सँडल घातली नव्हती.

"म्हणजे तुम्ही जाणार होत्या?"

"मंग मी उभी कशापायी राह्यले?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या खेपेला शेजारची सोनूबाई सदस्य होती. तिला कोकणात नेलं होतं. सोनूबाई परत आली आणि पुढची पाच वर्षं त्या समुद्रावरच जगली. निंदायला बसली की समुद्र, कपडे धुताना समुद्र, कोणाच्या मयतीला गेली तरी परतीच्या वाटेवर समुद्र. पाणी आपलं आपण येतं, पायाला लागतं आणि आपलं आपण परत जातं. रेतीत चप्पल फसते, पट्ट्याची सँडल लागते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ताट समोर येतं आणि उष्टं ताट कोणीतरी उचलून नेतं. उषाबाईंनी हे इतक्या वेळा ऐकलं की एक दिवस त्या उठल्या आणि फॉर्म भरून आल्या.

कल्याण म्हणाला, मला सांगायचं ना वैनी, किती वर्षं मी हॉलंडला बोलावून राहिलोय, माझ्या घरापासून समुद्रावर सायकलनं जाता येतं. आणि ते जाऊ द्या, म्हणाला, उद्याच निघू, भोकरदनहून गाडी सांगतो, दोघं जाऊ. घनसावंगीसारखी सहल करू, आठवतं ना?

उषाबाई सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. खडे वेचता वेचताच बोलल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही दर खेपेला घनसावंगीचं सांगता, भाऊजी. ऐकायला गोडच लागतं. पण त्या येळेला मी नदी न्हाई पाह्यली. माह्या माहेरची नदी, बांधावर उभं राह्यलं की दिसती. पण माय आन् मी चुलीपुढून उठलोच न्हाई. तुम्ही समदे भिजून येयाचे आन् वाढा म्हणायचे. एकाचं ताट होईस्तोर दुसरा बसायचा. परत निघालो तेव्हाबी जीपमधी मी घुंगट घेऊन बसल्ते, नदी मागं राह्यली."

कल्याणनं ताटली खाली ठेवली. त्याला ती वस्ती आठवली, हुरडा आठवला, पाणी आठवलं. ताटात पडणारी गरम भाकरीही आठवली, एकावर एक, संपायच्या आत दुसरी. पण ती टाकणारा हात काही केल्या आठवेना. झोपडीच्या मागून सतत धूर यायचा, तो त्याला इतकी वर्षं त्या सहलीच्या देखाव्यातलाच भाग वाटत आला होता. त्याला मनापासून वाईट वाटलं. आणि तो पुन्हा म्हणाला, मग चला ना, आता जाऊ.

"कोणत्या निमित्तानं जाऊ?" उषाबाई म्हणाल्या. "लग्न न्हाई, मयत न्हाई, देव न्हाई. लोकांचं मरू द्या, माह्याच जिवाला पटायचं न्हाई. आन् तुमच्यासंगं आले तर तिथंबी मी तुमचा चहा, तुमच्या गोळ्या, तुमचं पाणी पाहत बसन. मला काई दुसरं येतंय का? सहलीचं येगळं असतंय. तिथं आपण कामावर असतो, मत द्यायच्या कामावर. निस्तं बसून ऱ्हायचं, ते बी हक्कानं."

मग कल्याणनं विचारलं की मत तरी कोणाला देणार होत्या?

"ते मी निकालाच्या दिवशीच ठरवलं," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मला नेलं असतं का कोणी?"

कल्याणला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पारावर बसून त्यानं अख्ख्या गावाला राजकारण शिकवलं होतं, आणि गावातलं सगळ्यांत पक्कं राजकारण त्याच्या घरात चिवडा परतत बसलं होतं. तो उठला, पायात चप्पल घातली, आणि स्टँडवर भारतच्या दुकानी जाऊन बसला.

भारतनं चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मक्याचा भाव, मिरचीवरचा रोग, हॉलंडातली थंडी. चहा संपत आला तेव्हा कल्याणनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की काय रे भारत, पहिली अडीच वर्षं झाल्यावर राधेश्याम राजीनामा देईलच ना? भारतनं कप तोंडाशी नेता नेता थांबवला. कल्याण म्हणाला, नाही, आपलं उगंच विचारलं, आमच्या क्रेनच्या धंद्यात गॅरंटी विचारायची सवय असते. एवढं बोलून तो घरी आला. दिवसभर खपून बांधलेली एकी मोडायला एक चहा पुरला.

दुपारपर्यंत भारतनं पारावर जाऊन लेखी मागितलं. राधेश्यामला ते अपमानास्पद वाटलं. जुनी उणीदुणी निघाली, त्यात कोणाच्या तरी आजोबांनी बांध कोरल्याचंही निघालं. लोक म्हणाले, कल्याणभाऊंनी बिचाऱ्यांनी एवढे कष्ट घेतले आणि या दोघांनी माती केली. कल्याण मान हलवून म्हणाला, काय करणार, गावाच्या नशिबात एकी नाही. एवढं खोटं तो परदेशातही कधी बोलला नव्हता, आणि एवढं समाधानही त्याला कधी वाटलं नव्हतं.

ऊन कलायच्या सुमाराला दोन गाड्या आल्या. आधी भारत. काकू, महाबळेश्वरला जाऊ, म्हणाला, थंड हवा, स्ट्रॉबेरी. त्याच्या मागोमाग राधेश्यामची टेम्पो ट्रॅव्हलर, आत दोन बायका आणि चार पुरुष आधीच बसलेले, मागं आचारी भांड्यांसकट. काकू, श्रीवर्धनला खोल्या सांगितल्यात, राधेश्याम म्हणाला. उषाबाईंनी दोघांनाही पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"समुद्र कुठं हाय?"

महाबळेश्वरला तळं आहे, होड्या आहेत, घोडे आहेत, पण समुद्र कुठून आणणार? भारत आपल्या माणसांना घेऊन महाबळेश्वरला निघून गेला, बिचारा, आणि उषाबाईंचं मत आपल्याला नाही असं समजून गेला. ते तसंच होतं की नाही हे त्या दिवशी एकट्या उषाबाईंना माहीत होतं.

बॅग भरलेलीच होती. साडी बदलून, सँडलीचे पट्टे लावून त्या बाहेर आल्या. सँडलीत त्यांची चाल जरा अडखळत होती. राधेश्याम कल्याणला म्हणाला, भाऊ, तुम्हीबी चला की, घरचं माणूस बरोबर असलं की काकूंना बरं पडंल. खिडकीजवळ एक जागा रिकामीही होती.

कल्याणला जायचं होतं. फार जायचं होतं. वैनींचा पहिला समुद्र बघायचा होता, आणि सुटीचे उरलेले दिवस त्यांच्याजवळ काढायचे होते. तो हो म्हणणार तेवढ्यात त्याचं लक्ष उषाबाईंकडं गेलं. त्या वळून पुन्हा घरात निघाल्या होत्या. म्हणत होत्या, थांबा, भाऊजींच्या गोळ्या घेते, गरम पाण्याचा थर्मास घेते, त्यांना रातच्याला साधं पाणी चालत न्हाई.

"मी नाही येत," कल्याण म्हणाला. "म्हशीचं कोण बघंल? मी थांबतो."

गाडीतली माणसं हसली. हॉलंडचा इंजिनिअर म्हशीमागं राहतोय, ही गोष्ट पुढं गावात बरेच दिवस पुरली. उषाबाई हसल्या नाहीत. एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून त्यांनी विचारलं, तुम्ही कवा जाणार? तो म्हणाला, शनिवारी. म्हणजे गाडी परतायच्या आधी. हे दोघांनाही कळलं.

त्यांनी पाय खाली घेतला.

"मंग मी न्हाई जात. तुम्ही वर्षा-दोन वर्षांनी येता."

"वैनी," कल्याण म्हणाला, "कामावर निघालात ना तुम्ही? मत द्यायचंय. गाव थांबलंय."

त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. सकाळी एकी होती आणि दुपारी ती मोडली, मधल्या वेळात दीर स्टँडवर जाऊन आला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत एका ओळीत लागलेलं त्याला दिसलं. लहानपणी करायच्या तसं त्यांनी त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि गाडीत चढल्या. त्यानं चिवड्याचा डबा आत दिला. डबा वरून थोडा खाली गेला होता, त्याच्या दोन ताटल्यांइतका. राधेश्यामनं पिशवी पुढं केली, उषाबाईंनी त्यात आपला फोन टाकला, आणि गाडी फाट्याच्या दिशेनं निघून गेली.

घर एकदम मोठं झालं. कल्याणनं ठरवल्याप्रमाणं ओट्यावर बसून ऊन खाल्लं, पण शेजारी कोणी नसलं की ऊनही लवकर सरतं. म्हशीनं पहिल्या दिवशी त्याला धार काढू दिली नाही, सोनूबाईला हाक मारावी लागली. सोनूबाईनं धार काढता काढता समुद्र सांगितला. त्यानं सगळा ऐकून घेतला, जन्मात पाहिला नसल्यासारखा. जेवायचं ताट तिनं पाठवलं तर त्यानं नको म्हटलं. मला भाकरी शिकवा म्हणाला. सोनूबाई सांगून गेली, पीठ असं मळायचं, असं थापायचं, पाणी असं लावायचं. सांगायला सोपं होतं. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी उचलताना मोडली, तिसरीला कडा आल्या नाहीत. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरायला लागले आणि कंबर धरली. एका माणसाच्या जेवणाला ही गत. त्या वस्तीवर पंगतीच्या पंगती उठत होत्या, आणि थापणारी सोळा वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो असाच परातीपुढं बसला होता तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. आचाऱ्याचा फोन होता, त्याचा तेवढा जमा करून घेतला नव्हता.

"भाऊजी, म्हशीनं पान्हा सोडला का?"

सोडला, म्हणाला तो. मग त्यांनी म्हशीच्या पेंडीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, त्याच्या गोळ्यांचं विचारलं. ते सगळं विचारून झालं. मागं आवाज येत होता. कल्याण रोज ज्याच्या काठानं सायकल चालवतो तोच आवाज, पण इथं, चुलीपुढं, तो वेगळाच वाटला.

"ते आपलं आपण येतंय," उषाबाई म्हणाल्या. "सोनूबाई खरंच सांगत होती. मी सकाळपासून निस्ती उभी हाय पाण्यात. जेवल्यावर ताट उचलायला गेले तर आचारी माह्यावर रागावला." मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या नदीचं आता मनात काई राह्यलं न्हाई."

कल्याणनं थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकली.

"काय करून राह्यले तुम्ही? बोलत का न्हाई?"

"भाकरी थापून राह्यलोय, वैनी."

पलीकडं एक लाट येऊन गेली. मग उषाबाई हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं, खदाखदा. कोणीतरी विचारलं काय झालं काकू, तर त्यांनी हसत हसतच सांगितलं आणि तिकडं सगळेच हसायला लागले. थांबतील असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायच्या. एवढी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण वैनी अशा हसतात हे कल्याणला त्या दिवशी कळलं. तव्यावरची भाकरी करपत होती. पिठाच्या हातानं फोन कानाला धरून तो तसाच बसून राहिला.